जुन्या फोर्डला त्या काळचे शोभतील असे लाईट कसे लावायचे? (हॉट रॉड, नागपूर)

संत्रारॉड (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय.

आमच्या घरी 1930 ची फोर्ड मॉडेल ए आहे, टूरर, म्हणजे कापडी टपाची. पणजोबांनी मालगुजारीच्या काळात घेतलेली. नंतर काटोलकडच्या वाडीत गोठ्याशेजारी पडून होती, वर संत्र्याचे रिकामे खोके रचलेले. मूळ इंजिन केव्हाच गेलं, सत्तरच्या दशकात आमच्या मोठ्या काकांनी त्यात जीपचं पेट्रोल इंजिन बसवलं (आरसीवर चढवून घेतलंय, आधीच सांगून ठेवतो), समोरचे मडगार्ड कापून छोटे केले, टप खाली घेतला. काकांनी हॉट रॉड (जुनी गाडी कापून, हलकी करून, दुसरं इंजिन टाकलेली) हा शब्द आयुष्यात ऐकला नसेल पण त्यांनी जे केलं ते तेच. मी गेल्या दिवाळीपासून तिच्या मागे लागलोय, इंजिन आता छान चालतं, ब्रेक झाले, रंग झाला.

आता अडलंय लाईटवर. सध्या समोर ट्रॅक्टरचे दोन लॅम्प आहेत, मागे प्लास्टिकचा चौकोनी ट्रॉलीचा लाईट, आणि भाच्याने बंपरवर एक एलईडी पट्टी मारून दिलीय जी बघितली की माझा जीव कासावीस होतो. मला गाडी बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे लाईट तिच्यावर पहिल्यापासून आहेत. पण नुसती शोभा नको, मला ती रात्री रामटेकपर्यंत चालवायची आहे. हेडलाईट कोणते, टेललाईट कोणते, इंडिकेटर लपवायचे की दाखवायचे, आणि नागपुरात हे काम कोण करतं, जे माहीत असेल ते लिहा.

बर्डीकर
फोटो टाका राजेहो. फोटोशिवाय गाडीचा धागा म्हणजे तर्रीशिवाय पोहे.

डायनॅमोकाका
अभिनंदन, आणि काकांना साष्टांग.

सगळ्यात आधी एक ठरवा, तुमची गाडी कोणत्या सालची दिसायला हवी? गाडी 1930 ची आहे हे खरं पण हॉट रॉड ही काही 1930 ची गोष्ट नव्हे. कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड स्वस्तात घ्यायची, वजन कमी करायला मडगार्ड काढायची, आणि मुरॉक, एल मिराज असल्या कोरड्या तलावांच्या सपाट पात्रात पळवायची. शर्यतीच्या दिवशी हेडलाईट काढून ठेवायचे, परत जाताना पुन्हा लावायचे. म्हणून त्या गाड्यांचे लाईट साध्या ब्रॅकेटवर असतात, दोन बोल्ट सोडले की हातात. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जी दिसेल त्या गाडीचे, ट्रकचे, बसचे लाईट काढून लावायची पद्धत पडली. म्हणजे "त्या काळचे" याचे दोन अर्थ होतात.

एक, फोर्डचेच मूळचे. 1930-31 चे मॉडेल ए चे हेडलाईट स्टेनलेस स्टीलचे असत, खोल वाटीसारखे, समोर रेघारेघांची काच. मागे मूळचा दिवा एकच यायचा, दुसरा वेगळे पैसे देऊन.

दोन, चाळीस-पन्नासच्या दशकातली हॉट रॉड. 1940 पासून अमेरिकेत सीलबंद 7 इंची गोल हेडलाईट सगळ्या गाड्यांना आले. तेव्हाची सगळ्यात लाडकी जोडी म्हणजे जनरल मोटर्सच्या गाईड कंपनीचे 682-सी, मुळात ट्रक-बसचे, लांबट पोटाचे, डोक्यावर छोटासा पार्किंगचा दिवा. टेललाईटला 1939 च्या फोर्डचे थेंबाच्या आकाराचे, किंवा 1950 च्या पाँटिॲकचे गोल. तुमचे मडगार्ड कापलेलेच आहेत आणि इंजिन पण नंतरचं, त्यामुळे माझं मत दुसऱ्या बाजूला.

मृणाल_धरमपेठ
मला हे पटत नाहीये काका. ही गाडी कॅलिफोर्नियात कधी गेलीच नाही. ती काटोलला होती! तिच्यावर अमेरिकन ट्रकचे लाईट कशाला? मूळचे मॉडेल ए चे लाईट शोधा, रिप्रॉडक्शन मिळतात बाहेर, आणि गाडी पुन्हा होती तशी करा. शिवाय आता व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळं रजिस्ट्रेशन आहे ना, ते पण मिळून जाईल.

वकील_सिव्हिल_लाईन्स
मृणालताई, ते रजिस्ट्रेशन या गाडीला मिळणार नाही. जुलै 2021 च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांच्या वरची गाडी, पण पुढे स्पष्ट लिहिलंय की गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नको. इथे जीपचं इंजिन आहे, विषय संपला. आणि ते एका अर्थी बरंच आहे, कारण त्या 'व्हीए' नंबरच्या गाड्या रोजच्या वापराला काढता येत नाहीत, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढंच. फी नवीन नोंदणीला 20,000.

धागाकर्त्यांची गाडी साध्या खाजगी नोंदणीवर आहे, इंजिन बदल आरसीवर आहे, तर दर 5 वर्षांनी नूतनीकरण करून ती रस्त्यावर राहू शकते. मात्र मग लाईटच्या बाबतीत "जुनी गाडी आहे साहेब" हे कारण चालत नाही. तपासणीत समोर पांढरे, मागे लाल, ब्रेक लाईट, इंडिकेटर पिवळट-केशरी, नंबर प्लेटवर पांढरा दिवा, सगळं बघतात. आता चॅसिसला किंवा बॉडीला काही नवीन करू नका, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं. लाईट बदलणं त्यामानाने निर्धोक.

वऱ्हाडी_गडी
एवढा खटाटोप कायले करता बावा. बुलेटचा हेडलाईट 7 इंचाचा, जीपचा 7 इंचाचा, अँबेसेडरचा 7 इंचाचा. कबाड्याकडून दोन डूम (काच-रिफ्लेक्टरचा गोल) आना, लावा, रामटेक काय पचमढीले जा.

संत्रारॉड
@वऱ्हाडी_गडी भाऊ, बुलेटचा पूर्ण हेडलाईट लावून बघितला होता गॅरेजमध्ये, पण तो बुलेटचाच दिसतो. प्रत्येक नागपूरकराला ती टोपी आणि ते दोन छोटे पायलट लाईट पाठ आहेत. गाडीसमोर उभा राहणारा पहिलं वाक्य तेच बोलेल.

@मृणाल_धरमपेठ तुमचा मुद्दा मनात राहिलाय. पण काकांनी तिला जसं केलं ते पण तिच्याच इतिहासात आलं ना? मला ते पुसायचं नाहीये. मला काकांच्या गाडीला साजेसे लाईट हवेत.

मृणाल_धरमपेठ
हे मात्र पटलं. काकांची गाडी म्हणून बघितलं तर डायनॅमोकाका बरोबर आहेत.

सदरचा_वायरमन
मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, वडिलांपासून दुकान आहे, जुन्या गाड्या भरपूर हाताखालून गेल्या. लांबलचक लिहितो, सहन करा.

पहिली गोष्ट, बाहेरून हेडलाईट मागवताना फसू नका. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात. त्यांच्या काचेचा डिपर उजव्या बाजूला जास्त लांब फेकतो, म्हणजे त्यांच्या फुटपाथकडे. तोच लाईट तुम्ही वर्धा रोडवर लावला तर डिपर मारूनही समोरच्याच्या डोळ्यात जाणार, आणि तुमच्या डावीकडचा सायकलवाला, बैलगाडी, रस्त्याची कड, सगळं अंधारात. याला हेडलाईट वर-खाली करून इलाज नाही, ते काचेच्या कापणीत असतं. म्हणून बाहेरचं शेल बाहेरून आणा किंवा इथे बनवा, पण आतली काच आणि रिफ्लेक्टर भारतीयच पाहिजे, डाव्या डिपरचा. वऱ्हाडी भाऊ म्हणतात तो 7 इंची डूम इथे कामाला येतो, फक्त तो बुलेटच्या भांड्यात नको, जुन्या वळणाच्या भांड्यात बसवायचा. गाईडचं जे 682-सी काका सांगतात त्याच्या रिप्रॉडक्शनमध्ये 7 इंचीच डूम बसतो. बल्ब साधा एच4, 60/55 वॉट. 100/90 वाला घेऊ नका, तो रस्त्यावर चालत नाही आणि होल्डर पण जाळतो.

दुसरं, मॉडेल ए मूळची 6 व्होल्टची, आणि अर्थिंग पॉझिटिव्हला. तुमच्याकडे जीपचं इंजिन आहे तर 12 व्होल्ट निगेटिव्ह अर्थ असेल बहुतेक, पण काकांनी काय केलंय ते मीटर लावून बघा, आरसीवर हे लिहिलेलं नसतं. बॅटरीची कोणती तार चॅसिसला गेलीय ते आधी बघा मगच काहीही जोडा.

तिसरं, आणि हे सगळ्यात जास्त लोक टाळतात: रिले, म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. दोन्ही अप्पर पेटले की 120 वॉट, म्हणजे 10 अँपिअर. जुन्या गाडीत हे सगळं डॅशबोर्डच्या बटनातून, लांब बारीक तारेतून फिरून येतं आणि बल्बपाशी 12 च्या जागी 10.8 व्होल्ट पोचतात. वाटतं काय, दहा टक्केच तर कमी आहे. पण बल्बचा उजेड व्होल्टेजबरोबर सरळ हिशोबात कमी होत नाही, दहा टक्के व्होल्ट कमी झाले की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. लोक मग म्हणतात जुन्या लाईटमध्ये दमच नाही. दम तारेत नसतो. बॅटरीपासून 2.5 चौरस मिमीची तार, फ्यूज, मग रिलेच्या 30 नंबरला, 87 मधून लाईटला, 85-86 वर तुमचं जुनं बटन. अप्परला एक रिले, डिपरला एक. बटनातून मग नावापुरता करंट जातो आणि काकांचं जुनं पितळी बटन तसंच ठेवता येतं.

आणि अर्थची तार प्रत्येक लाईटमधून वेगळी काढून चॅसिसला रंग खरडून लावा. नवीन रंग मारलेल्या ब्रॅकेटवर भरोसा ठेवू नका. दुकानात येणाऱ्या जुन्या गाड्यांत "एक लाईट मंद" ही तक्रार असली की मी सगळ्यात आधी अर्थच बघतो.

बर्डीकर
साष्टांग. वाखुसा (वाचनखूण साठवली).

टेकडी_गणेश
वायरमनदादा, एच4 च्या जागी एलईडी बल्ब टाकला तर? ते आता शंभर ठिकाणी मिळतात, करंट पण कमी खातात, रिलेची भानगडच नको.

सदरचा_वायरमन
नका. एच4 च्या बल्बमध्ये दोन फिलॅमेंट असतात, डिपरच्या फिलॅमेंटखाली छोटी वाटी असते, ती खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते म्हणून डिपर खाली पडतो. रिफ्लेक्टरची गोलाई त्या फिलॅमेंटच्या जागेवर मापलेली असते. एलईडीच्या चिप त्या जागेवर, त्या आकारात बसत नाहीत, उजेड विखुरतो. आणि नियमात पण तो एच4 च्या जागी चालत नाही.

डायनॅमोकाका
आणि दिसायला! संध्याकाळच्या वेळी हॅलोजनचा किंचित पिवळसर उजेड जुन्या काचेतून येतो तो बघा. निळसर पांढरा उजेड आला की गाडीचं वय एका क्षणात खोटं पडतं.

पोट्टा_महालचा
अजून पिवळे लावले तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लोक पिवळी मारबत (इडापिडा घालवायला काढतात तो पुतळा) समजून मिरवणुकीत ओढत नेतील 😄

वऱ्हाडी_गडी
नेऊ दे ना, इडापिडा घेऊन जाईल गाडीची.

कासारवाडा_भंडारा
शेल इथेच बनवायचं असेल तर भंडाऱ्याला या. पितळी भांड्यांचं गाव आहे आमचं, बोगावणी, घंगाळ, गुंड बनवणारे हात अजून आहेत. हेडलाईटचं भांडं म्हणजे तांब्याचाच भाऊबंद, तोंड रुंद, पोट निमुळतं. पत्र्याचा गोल तुकडा साच्यावर लेथवर फिरवत दाबत नेतात, मधे मधे तापवून मऊ करावा लागतो नाहीतर तोंडाशी चिरतो. आमच्या चुलतभावाने एका जुन्या मोटारसायकलचं भांडं असंच केलं होतं. तोंडाची कड आत वळवून घ्यायची म्हणजे 7 इंची डूमची रिंग त्यावर बसते. फक्त माप आणायचं तर कागदावरचं आणू नका, डूम आणि रिंग प्रत्यक्ष घेऊन या, कासार वस्तू हातात घेतल्याशिवाय साचा करत नाही.

संत्रारॉड
दादा हे तर डोक्यातच आलं नव्हतं!! शेल बाहेरून मागवायचं तर ड्युटी-कुरियर धरून फार जातं, इथे पितळेत झालं तर त्यावर क्रोम करून घेता येईल का?

कासारवाडा_भंडारा
पितळेवर आधी निकेल मग क्रोम, छान बसतं. नुसतं निकेल ठेवलं तर अजून सुंदर, जरा कोमट पिवळसर झाक असते.

डायनॅमोकाका
निकेलला माझं मत. 1928-29 च्या मॉडेल ए चे लाईट निकेलचेच होते.

एक मात्र सांगतो, कधी मूळचे जुने लाईट मिळाले तर त्यांचा आतला रिफ्लेक्टर प्लेटिंगवाल्याकडे क्रोमला देऊ नका. बाहेरून चकचकीत दिसतं म्हणून लोक आतही क्रोम करतात. क्रोम जेमतेम 60-65 टक्के उजेड परत फेकतं, चांदी 90 च्या वर. जुने रिफ्लेक्टर पितळेवर चांदीचे असत ते त्याचसाठी. इतवारीच्या सराफ्यात चांदीचा मुलामा देणारे आहेत, त्यांना वाटी दिली तर त्यांना त्यात नवीन काही नाही. नंतर काचेखाली कॉर्कचं गॅस्केट नीट बसवा, हवा आत गेली की चांदी काळी पडते. आणि पुसायची वेळ आली तर घासणी-पावडर नाही, कापूस आणि दिव्याची काजळी, हलक्या हाताने.

मृणाल_धरमपेठ
काजळीने चांदी साफ होते हे माझ्या आजीला सांगते, ती जन्मभर देव्हाऱ्यातली काजळी काढत आली 😀

आजोबांची_हिलमन
अवांतर: आमच्या लहानपणी सक्करदऱ्याकडे एका घरी कार्बाईडचे दिवे असलेली गाडी होती, वर पाण्याची टाकी, खाली कार्बाईड, थेंब पडला की गॅस तयार होऊन पेटायचा. तो वास अजून नाकात आहे. पुढे त्या दिव्यांत कुणीतरी बल्ब घातले, वास गेला तसं आम्हा पोरांचं जाणंही कमी झालं.

टेकडी_गणेश
इंडिकेटरचं कुणी बोललंच नाही. मॉडेल ए ला नव्हतेच ना? हात दाखवायचा.

आजोबांची_हिलमन
हातच. नंतरच्या गाड्यांना दाराच्या खांबातून केशरी काटा बाहेर यायचा, ट्रॅफिकेटर. मॉरिस मायनरला होता. संत्रारॉड, तुम्हाला लावायचा असेल तर फार गोड दिसतो, आतला बल्ब लागला की सगळी पोरं मागे धावायची.

वकील_सिव्हिल_लाईन्स
गोड दिसतो, पण सीताबर्डीच्या चौकात मागच्या रिक्षावाल्याला तो कळणार नाही. आज नियमाला लुकलुकणारा, केशरी, मिनिटाला 60 ते 120 वेळा. काटा शोभेला ठेवा, बरोबर खरे इंडिकेटर पण ठेवा.

इथे डायनॅमोकाकांच्या टेललाईटच्या सल्ल्यात एक खोच आहे. अमेरिकेत मागचा लाल दिवाच ब्रेकला पण पेटतो आणि वळताना तोच लुकलुकतो, तिथे ते चालतं. आपल्याकडे इंडिकेटर केशरी हवा. म्हणजे 1939 चा थेंब लावा, 1950 चं पाँटिॲक लावा, केशरी दिव्याची वेगळी सोय करावीच लागेल.

डायनॅमोकाका
वकीलसाहेब बरोबर, ते मी लिहायला हवं होतं. एक उपाय: समोर, दारापुढच्या बॉडीवर छोटे दिवे असतात ना, 1930-31 च्या डिलक्स मॉडेलना येत, ते बसवा आणि काच साधी पांढरी ठेवून आत केशरी बल्ब घाला. बंद असताना 1930, चालू असताना इंडिकेटर. मागे चॅसिसच्या टोकाला नंबर प्लेटच्या दोन्ही बाजूला लहान गोळीच्या आकाराचे, निकेल केलेले.

पोट्टा_महालचा
टेललाईटमध्ये निळा ठिपकावाला काच लावा ना, लाल काचेच्या मधोमध निळा खडा, रात्री जांभळा दिसतो. हॉट रॉडची खरी खूण आहे ती!

वकील_सिव्हिल_लाईन्स
दिसतो देखणा. पण मागे लाल म्हणजे लाल. अमेरिकेतही काही राज्यांत त्याला बंदी आहे. रॅलीत उभी असताना लावा, रस्त्यावर नको.

सदरचा_वायरमन
केशरी बल्ब मागताना पीवाय21डब्ल्यू सांगा, त्याच्या दोन पिना समोरासमोर नसतात, साध्या बल्बच्या होल्डरमध्ये बसत नाही. होल्डर तोच घ्या, घासून बसवायला जाऊ नका.

टेललाईटमध्ये मात्र मी एलईडीला हो म्हणतो, तिथे काही नेमकं फेकायचं नसतं आणि ब्रेकला क्षणभर आधी पेटतो, मागच्याला तेवढाच वेळ. फक्त लाल काचेमागे लालच एलईडी घ्या. पांढरा घेतला की गुलाबी पडतो. आणि इंडिकेटरला पण एलईडी घातले तर जुन्या पद्धतीचा फ्लॅशर (लुकलुकवणारा डबा) त्यांना ओळखत नाही, लुकलुकतच नाही किंवा भराभर फडफडतो, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाका.

बर्डीकर
फोटो आले का? नाही आले ना.

संत्रारॉड
धागा वर काढतोय. मधे कामं होती, पण बरंच पुढे गेलं.

भंडाऱ्याला डूम, रिंग आणि डायनॅमोकाकांनी पाठवलेली 682-सी ची चित्रं घेऊन गेलो. तिथल्या आजोबांनी चित्र बाजूला ठेवलं, डूम उलटा करून मांडीवर घेतला, बोट फिरवत पाठीमागची खोली मोजली, आणि म्हणाले पोट दोन बोटं कमी करू, नाहीतर मागून होल्डरची तार काढायला हात जाणार नाही. चित्रात ते कुणाला दिसलं असतं! भांडी झाली, डोक्यावर पार्किंगचा छोटा दिवा पण त्याच पत्र्यातून काढलाय. निकेल नागपुरातच झालं. आत भारतीय 7 इंची डूम, एच4 60/55. मागे थेंबाचे टेललाईट, ते मात्र बाहेरून मागवले, काच खरी आहे, आत लाल एलईडी. इंडिकेटर काकांनी सांगितल्याप्रमाणे. काकांचं (माझ्या काकांचं) पितळी बटन जागच्या जागी, दोन रिले सीटखाली लपवले. एलईडी पट्टी भाच्याला परत केली, तो त्याच्या स्कूटरला लावतोय.

फोटो सोबत जोडलेत, बर्डीकर.

आता शेवटचा प्रश्न. अमेरिकन हॉट रॉडमध्ये हेडलाईटचा दांडा खाली वाकवून लाईट रेडिएटरच्या बराच खाली आणतात, दिसतं जबरदस्त. किती खाली आणू? आणि डिपर कसा लावायचा, माझ्याकडे मशीन नाही.

बर्डीकर
अहाहाहा. त्या डोक्यावरच्या छोट्या दिव्यात जीव आहे. धन्य ते आजोबा.

मृणाल_धरमपेठ
सुंदर! मूळचे लाईट लावा म्हणून भांडले होते, आता हे बघून वाटतंय की हेच हवे होते.

सदरचा_वायरमन
लाईटचा मध्य जमिनीपासून 500 मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. पण खरं सांगू, तिथपर्यंत पण नेऊ नका. लाईट जितका खाली तितका डिपर जवळ संपतो आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा लांब सावली टाकतो, खोल आहे की उथळ कळतच नाही. 700 च्या आसपास ठेवा, खाली आणल्यासारखं पण दिसेल आणि रामटेक रोड पण दिसेल.

डिपर लावायला सपाट जागा आणि भिंत पुरे. गाडी भिंतीपासून बरोबर 10 मीटरवर उभी करा, चाकात हवा नेहमीची, चालकाच्या जागी कुणीतरी बसवा. लाईटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारा, तिच्या 10 सेंटिमीटर खाली दुसरी रेघ. डिपरची वरची कड त्या खालच्या रेघेवर आली पाहिजे, आणि डावीकडे चढती दिसली पाहिजे. एका लाईटवर कापड टाकून दुसरा लावा, दोन्ही एकदम बघू नका. तुमच्या ब्रॅकेटला एकच बोल्ट असेल तर खाली रबर वॉशर नाही, दातेरी वॉशर टाका, नाहीतर कामठीच्या पुढे गेलात की दोन्ही लाईट आकाशाकडे.

वऱ्हाडी_गडी
मानकापूरले आमच्या गोडाऊनची भिंत हाय, पांढरी, समोर सिमेंटचं अंगण हाय पंधरा मीटर. शनिवारी संध्याकाळी या, मी बसतो ड्रायव्हरच्या जागी.

सदरचा_वायरमन
सातनंतर ठेवा, मी दुकान बंद करून मीटर आणि खडू घेऊन येतो.

पोट्टा_महालचा
मी पण.